पडणारा माणूस

म्हशाच्या जत्रेत त्या वर्षी सिनेमाचा तंबू आला होता. सापगावजवळच्या वाडीतला नवशा आणि त्याचा जोडीदार सुक्या गवतकापणीच्या कामातून मोकळे झाले होते. बैल बघायला म्हणून ते जत्रेला गेले आणि तंबूत शिरले.

सिनेमा मारधाडीचा होता. एक राजकुमार, एक कपटी सेनापती, कोंडून ठेवलेली राजकन्या. राजकुमार एकटा दहाजणांना लोळवी, पण डोक्यावरचा फेटा जागचा हलत नसे. मधे दोनदा रीळ तुटलं, लोकांनी शिट्या मारल्या. शेवटी काय होणार हे नवशाला सुरुवातीलाच कळलं होतं. तरी तो कंटाळला नाही, कारण एका माणसाने त्याची नजर धरून ठेवली.

तो सेनापतीचा शिपाई होता. बुटका, जाड मानेचा. त्याच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. तो फक्त पडायचा. आधी तटावरून पडला, मग घोड्यावरून, आणि मेल्यावर दाढी लावून दुसराच शिपाई म्हणून परत आला तो जिन्यावरून. बाकीचे शिपाई जागा बघून पडत. हा खांदा आत घेई, हनुवटी छातीला लावी, आणि बघणाऱ्याला वाटे, गेला बिचारा. नवशा दोन वर्षांमागे गवताच्या गंजीवरून पडला होता. उजवा खांदा मोडला तो वाकडाच सांधला. पडणं काय असतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

परतताना सुक्या हिरोचंच कौतुक करत होता. "दहाजण लोळवलं रे त्यानं!"

"त्यानं नाय लोळवलं. ते लोळलं," नवशा म्हणाला. "त्यो जाड मानेचा नसता, तर तुझा हिरो काय करनार होता?"

"तीनदा मेला त्यो!"

"म्हनून तर सांगतो."

पुढच्या वर्षी माघात माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी एक सिनेमा कंपनी उतरली. पेट्या वाहायला मजूर हवे होते, त्यात नवशा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका खडकाखाली गवताचे गठ्ठे मांडले जात होते आणि वर एक बुटका माणूस उभा राहून अंतर बघत होता. मान दिसताच नवशाने डोक्यावरची पेटी खाली ठेवली.

खडक तीन पुरुष उंच होता. नवशाने एका गठ्ठ्यावर अंगठा दाबून पाहिला. अंगठा आत गेला नाही.

"ओ दादा, यावर पडू नका!"

"का रं?" वरून आवाज आला.

"दाबातलं गवत हाय. फळी नि हे सारखंच. खांदा मोडंल."

"तुला काय ठावं?"

नवशाने सदरा सरकवून आपला खांदा दाखवला.

मॅनेजर धावत आला. "ए, तू पेट्या उचल. ऊन डोक्यावर येतंय!"

तो माणूस खडकावरून उतरला, गठ्ठ्यावर धपकन बसला आणि उठला. "मॅनेजरसाहेब, हा म्हणतोय तसं करा. मगच मी पडणार."

मॅनेजर चडफडला, पण पडायचं त्याला नव्हतं. नवशाने चार गडी घेतले. ऐनाच्या झाडाची पालेदार टहाळं तोडून आडवी-उभी रचली, गठ्ठ्यांचे दोर कापून गवत झाडून मोकळं केलं आणि कंबरभर अंथरलं. मग अर्ध्या खडकावरून आधी स्वतः उडी टाकली. कुठे काही लागलं नाही.

वर खडकावर हिरोने तलवार फिरवली आणि तो माणूस मागच्या मागे कोसळला. टहाळं करकरली, गवत उसळलं, माणूस दिसेनासा झाला. नवशा धावला, तेवढ्यात गवतातून एक हात वर आला.

"मऊ होतं रं," आतून आवाज आला.

हिरोची तलवार चुकली म्हणून त्याला आणखी दोनदा पडावं लागलं. दर वेळी नवशा न सांगता गवत पुन्हा फुलवून ठेवी.

दुपारी तो आपली शिदोरी घेऊन नवशाशेजारी येऊन बसला. त्याचं नाव महिपत, गाव कोल्हापूरकडचं.

"मी तुमाला पाह्यलंय," नवशा म्हणाला. "म्हशाला, तंबूत. तुमी तीनदा मेला."

महिपतचा घास हातातच राहिला. "दाढी लावली होती की मी."

"मान वळखली."

"माझ्या बायकोनं नाही ओळखलं," महिपत म्हणाला आणि खूप वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "चल माझ्यासंगं मुंबईला. अंथरायला जाणता माणूस मिळत नाही."

नवशाने घरी बायकोला, हिरीला, विचारलं. ती म्हणाली, "वीटभट्टीवर जाताच की. तसं तिकडं जा. पन पेरनीला परत या."

तो गेला. त्यानंतर पाच उन्हाळे तो महिपतसाठी टहाळं आणि गवत अंथरत होता. वाडीत सगळे विचारत, कोणता हिरो पाहिलास? नवशा सांगे तो महिपतच्या पडण्यातला बारकावा, आणि ऐकणारे हळूहळू उठून जात. त्या पाच वर्षांत महिपतचं एकही हाड मोडलं नाही. एकदा घोटा मुरगळला, पण तेव्हा नवशा लावणीला गावी आलेला होता. ही गोष्ट मात्र तो कुणी न विचारता सांगायचा.