बांगडीखालची चरबी

"ही बांगडी मेली हातात थांबतच न्हाय," लूमच्या कांड्यांवर सूत भरता भरता गुणाबाई पुटपुटली आणि तिने बांगड्या पार कोपरापर्यंत सरकवल्या. बांगड्यांचा काय दोष? सरत होते ती मी.

मित्रांनो, मी गुणाबाईच्या कातडीखालची जुनी चरबी आहे. ती आईच्या पोटात होती तेव्हापासूनची. माझं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. पण थंडीत ऊब धरते ती मी, टाचेखालची गादी मी, मूत्रपिंडाला धक्का लागू देत नाही तीही मीच. चार घास जास्त झाले की बाजूला ठेवते, उपासाला काढून देते. सत्तर साली अंजूरहून ती भिवंडीत नांदायला आली, तेव्हा सासू ठमाबाई तिचा हात चाचपून म्हणाली होती, "भरलेली हाय पोर." ती स्तुती माझी होती. पुढे गोदू झाली. माझ्यातलंच थोडं थोडं काढून तिचं दूध झालं. त्या सरण्याचं दुःख नव्हतं.

मग खोकला आला. रोज संध्याकाळी ताप. तापाच्या चुलीला सरपण मीच.

"सुताच्या धुळीनं होतंय," नवरा अनंता म्हणाला. "ऊन बाधलंय," ठमाबाई म्हणाली. गुणाबाई पदरात तोंड दाबून खोकायची. आजाराचं नाव घेतलं तर गोदूला कुशीतून उचलून नेतील, हे तिला ठाऊक होतं. अनंताने तिला वज्रेश्वरीच्या गरम कुंडात आंघोळीला नेलं. बाहेर येताच ती कुडकुडू लागली. ऊब धरायला मी उरले होते कुठे?

सणासुदीला कासारीण आली की ठमाबाई हळूच सांगायची, "एक माप लहान घाल."

आता मी आहे ती डोळ्यांमागे आणि टाचांखाली, पसाभर. पुन्हा भरून येईन असं वाटत नाही. मित्रांनो, एवढंच मागते, घरात कुणी सुकू लागलं तर नुसत्या बांगड्या बदलू नका.

नागपंचमीला कासारणीने गुणाबाईचा हात दाबून पाहिला आणि सोडून दिला.

"ठमाबाय, याच्याखाली पोरीसोरींचं माप हाय."

"मंग तेच घाल," अनंता दाराकडे बघत म्हणाला.

ठमाबाईने सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"नको घालू," ती म्हणाली. "अनंता, गोदूला माझ्याकडं दे. गुणाला क्षय हाय. आपल्या सगल्यांना ठावं हाय."