घरची काडतुसं

जगदीश परदेशात, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट. आठवडाभर औषधं मोजायची आणि शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये रायफलची काडतुसं भरायची. रिकाम्या पितळी नळीला ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत तोलून बंदुकीची दारू, वर गोळी. बाहेर धुकं दारापर्यंत यायचं, आत या गड्याची तंद्री लागायची. तराजूचा काटा झुले, तसा तोही झुले. बरं, नेम धरायचा तो कागदावर. आयुष्यात ससासुद्धा मारला नव्हता!

"दुकानात एक काडतूस दीड डॉलर, घरी साठ सेंट," त्याने बायकोला, सुनेत्राला, पटवलं होतं. "वाचतील ते मायलो पावडरच्या रिकाम्या डब्यात. महिन्याला ऐंशी काडतुसं उडवतो. या गणपतीपासून दोन वर्षांत तुझं तिकीट."

साताऱ्याला तिच्या आईला काचबिंदू होता. डोळे आहेत तोवर लेकीचं तोंड बघायचं, एवढंच म्हातारीचं मागणं. मिलिग्रॅम न चुकणारा नवरा हिशेबात काय चुकणार, म्हणून सुनेत्राही निवांत होती.

दोन वर्षांनी दसऱ्याला ती हत्यारांची पूजा करायला गॅरेजमध्ये गेली. काडतुसं भरायच्या यंत्राला कुंकू लावलं, तराजूला फूल वाहिलं. मग डब्यालाही कुंकू लावावं म्हणून उचलला, तर हलका लागला. आत तीन डॉलर आणि बंदुकीच्या दारूच्या पावत्या.

"अहो, हल्ली महिन्याला किती उडवता?"

"तीनशे," जगदीश म्हणाला. "स्वस्त पडतात ना."

बोलता बोलताच त्याला उमगलं. आधी एकशेवीस डॉलर जायचे, आता एकशेऐंशी. बचतीच्या गुंगीत शहाण्याने डबाच उडवला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. सुनेत्रा निरांजन घेऊन आत गेली.

सोमवारी जवळच्या टौरंगा शहरातल्या एका माणसाला त्याने रायफल विकली, यंत्रही विकलं, कुंकवासकट. तिकीट आलं, सुनेत्रा गेली.

तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून फोन आला.

"पोचले. आईने तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, बारीक झालीस गं."

"म्हणजे दिसत नाही त्यांना?"

"नाही. मला वाईट वाटेल म्हणून पत्रात लिहिलं नव्हतं."

"कधीपासून?"

"यंदा गणपतीत आरतीपर्यंत दिसत होतं म्हणे. नंतर गेलं."

जगदीश फोन धरून उभा राहिला. दोन वर्षं गणपतीलाच पुरी झाली होती.