वधूची जन्मतारीख

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि महाडच्या त्या कॉलेजात अध्यक्षांच्या कार्यालयासमोर रोजच्यासारखी रांग लागली. कुणाला प्रवेश हवा होता, कुणाला वसतिगृहात जागा, कुणाला गॅदरिंगची परवानगी. प्राचार्य होते, पण ते नावाला. शब्द चालायचा तो संस्थेचे अध्यक्ष राजेंद्रदादा यांचा. शर्मिला त्यांच्या कार्यालयात बारा वर्षं कारकून होती आणि अजून हंगामीच होती.

रांगेत पुढे कुडपणचा भागोजी होता. त्याच्यामागे त्याची अकरावीत शिकणारी मुलगी, सेजल. दादांच्या सामुदायिक विवाह सोहळ्यात तिचं नाव नोंदवलं होतं आणि वयाचा पुरावा म्हणून कॉलेजचा दाखला हवा होता.

शर्मिलाने रजिस्टर पाहिलं. "दादा, हिला अजून सतरा पूर्ण नाहीत."

"मग दोन वर्षं मागची तारीख टाका. कोण बघायला येतंय?" दादा समोरच्या खुर्चीतून म्हणाले.

भागोजीने हात जोडले. "बाय, हिची आय गेली. मी दिसभर रानात. सुट्टीत घरला आली की पोरीला कुनाच्या भरवशावर ठेवू? मुलगा मुंबयला कंपनीत हाय. असं स्थळ परत यायचं नाय."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, भीती होती. म्हणूनच शर्मिलाला त्याच्याकडे बघवेना.

"बाबा, मला बारावी तरी करू द्या," सेजल म्हणाली.

"गप गो!"

सेजलने टेबलाची कड घट्ट धरली. "ताई, तुम्ही नका ना लिहू."

शर्मिलाने पेनाला टोपण लावलं. "दादा, मी हे लिहिणार नाही."

दादांचा आवाज चढला नाही. "किशोर, तू लिही," ते शेजारच्या कारकुनाला म्हणाले. "आणि बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका." किशोरने मान वर न करता दाखला लिहिला. शिक्का बसला. शर्मिलाच्या नकाराने पाच मिनिटांचाही फरक पडला नव्हता.

भागोजी दाखला जमा करायला सोहळ्याच्या मंडपाकडे गेला. सेजल वसतिगृहात सामान बांधत होती. शर्मिलाने तिला तसंच हाताला धरून रिक्षात बसवलं आणि थेट पोलीस ठाणं गाठलं.

"दाखला खोटा आहे कशावरून?" महिला हवालदाराने विचारलं. "तिथे असं चालतं, हे तुम्ही कसं सांगता?"

शर्मिलाने खुर्ची पुढे ओढली. "गेल्या वर्षी मीच लिहिला होता. पोलादपूरच्या मंजुळाचा. सोळाची पोर, मी अठराची केली. बाळंतपणात गेली."

हवालदाराचा हात थांबला. "बाई, हे लेखी दिलंत तर तुम्हीही आत जाल."

"जाईन. लिहून घ्या."

संध्याकाळपर्यंत सेजलचं नाव यादीतून कापलं गेलं. ठाण्याच्या पायरीवर धावत आलेला भागोजी शर्मिलाला म्हणाला, "माझी पोर माझ्यापासून तोडलीस तू." सेजलला पनवेलच्या बालगृहात नेणारी गाडी निघाली, तेव्हा पोरीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तिला बापाचा राग होता की शर्मिलाचा, हे कुणाला कळलं नाही.

शर्मिलावर गुन्हा दाखल झाला. सोहळा मात्र ठरल्या दिवशी थाटात पार पडला. दादांनी आशीर्वाद दिले, बँड वाजला, महाड-पोलादपूरची मातबर मंडळी अक्षता टाकायला होती. मुंडावळ्यांआडून बघणाऱ्या बाकीच्या वधूंच्या वयाचे दाखलेही त्याच कार्यालयातून आले होते. ते तपासायला हवेत, असं त्या मंडपात एकालाही वाटलं नाही.