स्लेट क्रीकचा वाहून न गेलेला पूल

निवांत रस्ते शोधत फिरणाऱ्या माणसांची वर्लीन टॅगार्टला मनापासून चीड होती. रस्ता निवांत असतो तो तिथे कुणी फिरकत नाही म्हणून, आणि ही मंडळी चाळीस जणांचा तांडा घेऊन निवांतपणा बघायला निघणार. प्रत्येकाच्या छातीवर कुठल्या तरी इटालियन कंपनीचं नाव, ढुंगणाला चिकटलेली चड्डी, हँडलवर सारखं टुकटुक करणारं यंत्र. चढ लागला की यंत्र सांगणार, हा चढ आहे. मग तोवर तुमच्या मांड्या काय करत होत्या, असं तिला विचारावंसं वाटे, आणि बहुतेक वेळा ती विचारायचीही.

एवढं बोलायचा आपल्याला हक्क आहे, असं तिचं मत होतं. एकतीस वर्षं तिनं या डोंगरांत शाळेची बस चालवली होती. रेडवूडच्या जंगलात कुठल्या वळणावर भर दुपारी दिवे लावावे लागतात, कुठे पाचोळा जुलैतही ओला राहतो, कुठल्या फाट्यावर कुणाचा म्हातारा न बघता गाडी बाहेर काढतो, सगळं तिला पाठ होतं. सायकलचा नाद बसच्याही आधीचा. त्यामुळे गावातल्या सायकल क्लबसाठी रस्त्यांचे कागद काढायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. हातानं काढलेला नकाशा, कडेला सूचना, चार घड्या घालून पाठीच्या खिशात मावेल असा.

आणि त्या कागदांवर ती बिनदिक्कत खोटं लिहायची. डटन रोडवर ‘मोकाट कुत्री, चावतात’. तिथे एकच कुत्रा होता आणि तो इतका जाडा होता की भुंकायचं झालं तरी आधी उठून बसावं लागे. मिल हिलच्या रस्त्यावर ‘खडी, टायर फाटतात’. जिथे तिला स्वतःला एकटीनं फिरायचं असे, तिथे कागदावर काहीतरी संकट उभं राहायचंच. पहिली वीस वर्षं कुणी पडताळून पाहिलं नव्हतं. बघणार कोण? अर्ध्याअधिक क्लबला कागद वाचण्यापेक्षा फाट्यावर थांबून सुकामेवा चघळण्यात जास्त रस.

सगळ्यात मोठी थाप स्लेट क्रीकच्या रस्त्याची. नऊ मैलांचा रस्ता, ओढ्याच्या कडेकडेनं हळूहळू चढत जाणारा, झाडी इतकी दाट की बारीक पाऊस खालपर्यंत पोचतच नाही. बावीस वर्षांपूर्वीच्या पुरात मधला पूल एका अंगाला खचला. काउंटीनं, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, दोन्ही टोकांना सिमेंटचे ठोकळे ठेवून गाड्या बंद केल्या आणि पुढे विसरून गेली. सायकल उचलून ठोकळ्यांवरून पलीकडे ठेवली की रस्ता आपला. कागदावर वर्लीननं लिहिलं, ‘पूल वाहून गेला, रस्ता बंद’. छापील नकाशेही तिच्याच बाजूचे निघाले, त्यांतली रेघ दोन्ही काठांवर येऊन थांबत होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती तिथे एकटी जायची. त्या नऊ मैलांत तिला कुणाचाच राग येत नसे, आणि असा दुसरा रस्ता तिला ठाऊक नव्हता.

दोन वर्षांपूर्वी क्लबात कॉर्बिन आला. दक्षिणेकडे संगणकातलं काहीतरी विकून चाळिशीतच रिकामा झालेला, तीन धुराड्यांचं घर बांधलेला. वागायला नम्र, याचा वर्लीनला जास्तच राग. त्यानं गुपचूप तिच्या सूचना तपासल्या. डटन रोडवर जाऊन त्या जाड्या कुत्र्याबरोबर फोटो काढला, मिल हिलवर गुळगुळीत डांबर पाहून आला. तेव्हापासून ‘वर्लीनची कुत्री’ हा क्लबातला विनोद झाला. चढावर कुणी मागे पडला की सगळे म्हणायचे, कुत्री लागली.

शरदातल्या मोठ्या फेरीचा रस्ता ठरवायला सगळे शेतकरी सभागृहात जमले, तेव्हा कॉर्बिननं आपल्या यंत्रातून भिंतीवर नकाशा पाडला. टॅनबार्क रिजचा रस्ता हिरवागार दिसत होता. हिरवा म्हणजे वाहनं नाहीत, तो म्हणाला. हे तुझ्या यंत्राला कसं कळतं, वर्लीननं विचारलं. गाड्यांतल्या लोकांच्या फोनवरून, त्यानं शांतपणे समजावलं.

मग तर वर्लीनला चेवच आला. टॅनबार्कवर बारा मैल फोनला सिग्नल नसतो, त्या झाडांखाली फोन आणि वीट यांत काही फरक नाही, तिनं सांगितलं. वरून रणगाडे गेले तरी त्याच्या यंत्राला रस्ता मोकळाच दिसणार, आंधळ्याला दिसतो तसा. आणि सोमवारपासून तिथे झाडतोड सुरू झाली आहे, ओंडक्यांनी भरलेले ट्रक उतरतात, शनिवारीसुद्धा.

कॉर्बिन हसला. “आणि वर्लीनबाई, कुत्री? कुत्री ट्रकमध्ये बसून येतात की मागून पळत?”

सभागृह खदखदून हसलं. आयडा मॉसही हसली, तोंडावर हात ठेवून. आयडा म्हणजे वर्लीनची चाळीस वर्षांची मैत्रीण, बहुधा एकुलती एक. वर्लीननं आपले कागद गोळा केले, टेबलावरच्या ब्लॅकबेरी पायला हातही लावला नाही आणि घरी गेली. जातील तर जाऊ देत, तिनं ठरवलं. आपण सांगायचं काम केलं.

रस्त्यावर बाण रंगवायचं काम मात्र अजून तिचंच होतं, कारण त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं आणि ते यंत्राला जमत नाही. पत्र्याचा साचा, पांढरा रंग, प्रत्येक वळणाला तीन बाण. एक वळणाआधी, एक वळणावर आणि एक वळून गेल्यावर, आपण चुकलो नाही एवढा धीर देणारा. शुक्रवारी दुपारी पिकअप काढून ती टॅनबार्कवर गेली आणि तिसऱ्याच वळणावर समोरून ओंडक्यांचा ट्रक आला. तिला पिकअप खड्ड्यात घालावी लागली. ट्रक बराच खाली जाऊन थांबला. त्यातून डेल ओबर्ग चालत वर आला, एके काळी बसमध्ये तिच्या मागच्याच सीटवर बसून नाक पुसणारा.

“बाई, तुम्ही इथे काय करताय?”

उद्या सायकलवाले येणार, तिनं सांगितलं. डेलनं टोपी काढून डोकं खाजवलं. पुढच्या आठवड्यात पाऊस सांगितलाय, म्हणून उद्या सकाळी सातपासून सहा ट्रक सतत फेऱ्या मारणार होते. भरलेला ट्रक या उतारावर मनात आणलं तरी थांबत नाही, आता बघितलंत ना, तो म्हणाला.

“सांगा त्यांना.”

“सांगितलं.”

“मग?”

वर्लीनच्या डोळ्यांसमोर आयडा आली. आयडा नेहमी सगळ्यांच्या शेवटी असते. तिला कमी ऐकू येतं, आणि कानातल्या यंत्रात वारा शिट्ट्या मारतो, म्हणून सायकलवर बसताना ती ते काढून खिशात टाकते. मागून विमान आलं तरी तिला कळणार नाही.

फेरीला पलीकडच्या खोऱ्यात उतरायला टॅनबार्क सोडून दोनच वाटा होत्या. एक हमरस्ता. तिथेच तीन वर्षांपूर्वी चाकांवरचं घर असलेल्या एका लांबलचक गाडीच्या आरशानं आयडाला उडवलं होतं, आणि तिचा खुबा मोडला होता. दुसरी वाट वर्लीनलाच माहीत होती. त्या अपघाताच्या आदल्या वसंतात आयडानं तिला विचारलंही होतं, हमरस्ता टाळून जाता येईल असं काही आहे का गं? नाही, वर्लीन म्हणाली होती. या आठवणीपाशी ती कधी थांबत नसे. आज खड्ड्यातल्या पिकअपमध्ये तिला थांबावं लागलं.

डेलनं साखळी लावून पिकअप ओढून दिली. वर्लीन माघारी फिरली आणि काळोख पडेपर्यंत स्लेट क्रीकच्या रस्त्यावर बाण रंगवत बसली. प्रत्येक बाणाला तिनं शिव्या दिल्या. कॉर्बिनला, त्याच्या धुराड्यांना, त्या चड्ड्यांना, आणि ओढा जवळ आल्यावर स्वतःलाही.

शनिवारी सकाळी सभागृहाबाहेर चाळीस सायकली उभ्या होत्या. कुणी टायर दाबून बघत होतं, कुणी आपल्या सायकलचं वजन सांगत होतं, स्वतःचं कुणीच सांगत नव्हतं. वर्लीन पायरीवर चढली. टॅनबार्कवर सातपासून ट्रक आहेत, तिनं सांगितलं. मागून कुणीतरी भुंकलं आणि हशा पिकला.

“भुंका,” वर्लीन म्हणाली. “कुत्री खोटी होती. मिल हिलची खडी खोटी होती. तुम्ही तिकडे येऊ नये म्हणून बावीस वर्षं मी खोटं लिहिलं, कारण तुम्ही जाता तिथे घाण करता. ट्रक खरे आहेत.”

“मग आज तरी का विश्वास ठेवायचा?” कॉर्बिननं विचारलं. तो आता हसत नव्हता.

“कारण मी तुम्हाला स्लेट क्रीक देतेय. पूल जागेवर आहे. बाण रंगवलेत. माझा स्वतःचा रस्ता आहे तो, आणि तुमच्यातल्या एकाचीही त्यावर चाक टेकवायची लायकी नाही.”

एवढ्या जळक्या तोंडानं कुणी थाप मारत नाही, हे कॉर्बिनला पटलं असावं. त्यानं हँडलवरचं यंत्र बंद केलं आणि कुठून वळायचं ते विचारलं. पायरीपासून लांब, पार्किंगच्या टोकाला आयडा उभी होती. कानातलं यंत्र काढून तिनं केव्हाच खिशात टाकलं होतं. यातलं अक्षरही तिनं ऐकलं नव्हतं. सगळे निघाले, तशी ती मागून निघाली.

पुलापाशी वर्लीन ठोकळ्यांजवळ उभी राहून एकेक सायकल उचलून देत होती. वर बघून लोक तोंडं उघडी टाकत होते. आहा, ओहो. एकानं तर एका झाडाला मिठी मारली आणि त्या अवस्थेत फोटो काढून घेतला. कॉर्बिननं फोन वर धरून सिग्नल शोधला, मिळाला नाही. संध्याकाळी मिळेल, वर्लीनला कळत होतं, आणि पुढच्या शनिवारी खाली गाड्यांची रांग लागेल. तिचा मंगळवार गेला, तिचा शुक्रवारही गेला. तिला रडू आलं असतं, पण एवढ्या लोकांसमोर ती रडणाऱ्यातली नव्हती.

सगळ्यांच्या शेवटी आयडा आली. मोडलेल्या खुब्यामुळे ती सायकलवरून बेतानं उतरली आणि तशीच उभी राहिली. पुलाकडे बघितलं. पुलावरच्या बावीस वर्षांच्या शेवाळाकडे आणि त्यातून वर्षानुवर्षं एकाच सायकलनं पाडलेल्या, आज सगळे एकामागे एक गेले त्या बारीक, काळ्या वाटेकडे बघितलं. मग खिशातून कानातलं यंत्र काढलं, सावकाश बसवलं आणि वर्लीनसमोर येऊन उभी राहिली.

“बोल.”

चाळीस जणांसमोर तडातडा बोललेली वर्लीन ठोकळ्यावरचं शेवाळ नखानं खरवडू लागली. कॉर्बिनला सुनावणं सोपं होतं.

“पूल होता, आयडा,” ती शेवटी म्हणाली. “पहिल्यापासून होता. तू विचारलंस तेव्हाही.”

आयडानं मान हलवली. वर्लीननं तिची सायकल उचलायला हात पुढे केला, तो तिनं बाजूला केला. दुखऱ्या बाजूनं वाकून, दोनदा दम खाऊन, तिनं आपली सायकल आपणच ठोकळ्यांवरून पलीकडे टाकली.

“ट्रकवाले बरे गं,” ती म्हणाली. “आवाज करून तरी येतात.”

मग तिनं कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि सायकलवर बसून निघून गेली. पुलापलीकडे आदल्या दिवशी काढलेला धीराचा बाण होता. त्याच्यावरून ती गेली, मागे बघितलं नाही. वर्लीननं थोडा वेळ जाऊ दिला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या रस्त्यावर कुणाच्या तरी मागून चढू लागली.