साहेबांची गाडी

शेंद्र्याच्या सरूबाईची मोसंबीची बाग रस्त्यात गेली, तेव्हा भूसंपादन अधिकारी देवकर यांनी ती कागदावर कोरडवाहू लावली. फळानं वाकलेली झाडं डोळ्यांनी बघूनसुद्धा. सरूबाईनं हात जोडले, तर ते हसले. "पटत नसेल तर कोर्टात जा, मावशी. खर्च झेपला तर."

खर्च झेपावा म्हणून तिनं अंगावरचं सोनं मोडलं, दुभत्या म्हशीला बाजार दाखवला. तारखा करता करता नवरा गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. "साहेबाला सोडत नाय मी," ती पुटपुटली, तेव्हा कुठं शिवला.

सहा वर्षांनी निकाल लागला. वाढीव मोबदला मिळाला, आणि सरूबाईचा कोर्टखर्चही भरून द्यावा, असा हुकूम झाला. मोबदला जमा झाला. खर्च मात्र अडकला. मधल्या काळात बदलून गेलेले देवकर त्याच खुर्चीवर परत आले होते. त्यांनी निरोप धाडला, "मिळालं तेवढं पुष्कळ झालं म्हणावं."

सरूबाईनं शहरातला उस्मानपुरा गाठला. तिची वकील अमृता तिथं बसायची. अमृतानं वसुलीची दरखास्त लावली आणि जप्तीचं वॉरंट काढलं. कोणत्या दिवशी जायचं, ते सरूबाईनं ठरवलं.

सरूबाईला घेऊन कोर्टाचा बेलीफ देवकरांच्या कार्यालयात पोचला. "काय जप्त करायचं ते दाखवा, मावशी."

देवकर धावत बाहेर आले. "एवढ्याशा रकमेसाठी? उद्या चेक देतो. हवं तर कपाटं न्या, पण गाडी राहू द्या. आत्ता मंत्र्यांच्या बैठकीला पोचायचंय."

"मला ठाव हाय," सरूबाई म्हणाली. "म्हणून तर आज आले. गाडीच न्या."

ड्रायव्हरनं चावी दिली. सगळं कार्यालय खिडक्यांत गोळा झालं होतं. देवकर फाईल छातीशी धरून फाटकापर्यंत चालत गेले; दोन रिक्षा थांबल्या नाहीत, तिसरी थांबली. सरूबाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. तिला लई बरं वाटलं.

आठवड्यात खर्चाची रक्कम कोर्टात जमा झाली आणि गाडी सुटली.

"झालं ना समाधान, मावशी?" अमृतानं विचारलं.

"नाय." सरूबाईनं दाराबाहेर उभ्या असलेल्या सांडूला आत बोलावलं. त्याची विहीर त्याच रस्त्यात गेली होती, आणि वकील करायची त्याची ऐपत नव्हती. "ह्याच्या विहिरीला साहेबांनी खड्डा लिवलंय. ह्याची फी माझ्या पैशातून घ्या."