निळा ठिपका

कृपाच्या पायाला भिंगरी होती हे नगर जिल्ह्यातल्या अख्ख्या बेलापूरला ठाऊक. फक्त ती फिरायला दुसऱ्याचं दुखणं नाहीतर लग्न लागायचं. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाची खरेदी आहे, सोबतीला कोण? कृपाबाई. सोलापूर, मिरज, संभाजीनगर, सगळी शहरं तिनं अशी दुसऱ्याच्या कामातून चोरून पाहिलेली. रीतही तिची तिचीच. कुणाला काही विचारायचं नाही. काहीतरी मजेशीर वस्तू घेऊन चाललेलं माणूस हेरायचं आणि ती वस्तू मुक्कामाला पोचेपर्यंत मागं मागं जायचं. मिरजेत ती एका सतारीमागं गेली आणि परत दवाखानाच सापडेना.

"मी हरवले नव्हते," ती अजून सांगते, "दवाखाना हरवला होता."

लेकानं, नोहानं, ते मनावर घेतलं. आईच्या मोबाईलमध्ये त्यानं काहीतरी करून ठेवलं. ती जाईल तिथं त्याच्या मोबाईलवर निळा ठिपका चालायचा. "आई, आता एकदा जरी गायब झालीस ना, तर सोबत-बिबत बंद. गुडघे बघ स्वतःचे."

आज शेजारच्या बनुबाईंच्या लेकीच्या, निकिताच्या लग्नातल्या मानपानाच्या साड्या घ्यायच्या होत्या. नोहाचं नगरला काम होतं, त्यानं दोघींना कापड बाजारात सोडलं. बनुबाईंच्या मालकांनी, गोरक्षनाथांनी, निघताना बजावलेलं, दुकानाबाहेर पाऊल टाकायचं नाही. बनुबाई गादीवर मांडी घालून बसल्या. कृपाला मात्र गादी टोचायला लागली. लांबची शहरं पाहिली, आणि जवळचं नगर म्हणजे स्टँड आणि दवाखाना, बास! दुकानदार साड्या उलगडत होता आणि तिचे तळवे खाजत होते.

"बनुबाई, हा मोबाईल तुमच्या पिशवीत राहू द्या. आलेच मी."

"आन् निगालीस कुठं?"

"कुठं नाही. तुम्ही बघा साड्या."

ठिपका गादीवर बसला आणि कृपा सुटली.

एक बाई नानखटाईचं पीठ भरलेला डबा कडेवर घेऊन चालली होती. कृपा तिच्यामागं. एक गल्ली, दुसरी गल्ली, मग काळपट भट्टी. तुपाचा असा वास की पोट नसलेल्यालाही भूक लागावी. तिथून पितळी कर्णा खांद्यावर टाकलेला बँडवाला. इथं तिला कुणी आई म्हणणारं नव्हतं, काकू म्हणणारं नव्हतं, गुडघेसुद्धा दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे गप्प होते. अजून एकच वळण, अजून एकच, असं करता करता ऊन कललं.

परतली तर गादी रिकामी.

"त्या मावशी?" दुकानदार घड्या घालत म्हणाला, "तुमच्या मागोमागच उठल्या की."

बनुबाई गेल्या आणि त्यांच्याबरोबर ठिपकाही गेला. शोधायला जावं तर त्या इकडं येतील, थांबावं तर जीव थांबू देईना. ती बसली, उठली, पायरीपर्यंत गेली, परत बसली. सोबत म्हणून आलेली बाई वाट बघत बसते म्हणजे काय, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

बऱ्याच वेळानं बनुबाई आल्या. पाय धुळीनं माखलेले, पदरात पेरू, चेहरा पोरीसारखा.

"तुझ्याच मागं निगाले हुते. तू दिसंना. मंग म्हनलं, तुझ्यावानी करून बगावं. एकजन लई मोठा आरसा पाठीवर घिऊन चालला हुता. त्यात मीच दिसत हुते गं, मागं मागं चालताना!"

तेवढ्यात नोहा पायऱ्या चढून आला, मोबाईल पुढं धरून. "आई! ठिपका बघ तुझा, दिल्ली गेट काय, बागरोजा काय, मग तोफखाना! कुठं चालली होतीस?"

बनुबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. गोरक्षनाथांच्या कानावर गेलं, तर लेकीच्या लग्नाचं सामान आणायलासुद्धा त्यांना कुणी उंबऱ्याबाहेर सोडणार नव्हतं.

"आरशामागं," कृपा म्हणाली.

"कसल्या आरशामागं?"

"मोठा होता. पाठीवर घेतलेला."

"आणि गेला कुणाकडं?"

ते मात्र कृपाला ठाऊक नव्हतं. बनुबाई पेरू चाचपत होत्या.

"बास," नोहा म्हणाला. "संपली तुझी सोबत."

गाडीत मागच्या सीटवर कृपा कुजबुजली, "पण गेला कुणाकडं तो?"

"असं सांगून न्हाई कळायचं. एक बोळ हाय, त्याला उतार हाय, उताराला… दाखवावंच लागंल."

कृपाला सीटवर बसवेना. नगर आता मागं पडत होतं आणि तो बोळ तिनं पाहिलाच नव्हता.

विळदच्या घाटात नोहानं विचारलं, "मावशी, साड्यांच्या पिशव्या डिकीत टाकल्यात ना?"

बनुबाईंनी पदरातला पेरू या हातातून त्या हातात घेतला.

"मावशी?"

"पसंत न्हाई पडल्या रं," बनुबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "परत यावं लागंल. आन् सोबतीला तुझी आईच पायजे. मला एकटीला न्हाई बाबा सोडायचे आमचे मालक."

नोहानं समोरच्या आरशातून दोघींकडं पाहिलं.

कृपाचं तिकडं लक्षच नव्हतं. एका मोटारसायकलवर मागं उलटा धरलेला लाकडी पाळणा चालला होता. तो फाट्यावर आत वळला आणि ती मान वळवून, पार मान दुखेपर्यंत, त्याच्याकडं बघत राहिली.