बिनसाखरेचा चहा

साडू लोकांनी सुट्टीत एक तर फोन करून यावं, न्हाई तर येऊच नये, असं माझं स्पष्ट मत हाय. आमचे साडू बसवेश्वरराव दोन्ही करत न्हाईत. मे महिन्यात एका सकाळी पुण्याहून गाडी घेऊन केजला दारात हजर. संग माझी मेहुणी वर्षाराणी आन् त्यांची सात वर्षांची राजनंदिनी. आल्या आल्या म्हणले, "संगमेश्वरराव, चार दिवस दुकान विसरा." बियाणांचं दुकान हाय माझं. मे महिन्यात बियाणांचं दुकान विसरायचं! जाऊ द्या, पाव्हणे हायत.

दुसऱ्या दिवशी समदे कपिलधारला गेलतो. स्वामींच्या समाधीचं दर्शन घेतलं, सगळ्यांनी कपाळभर विभूती लावली. मे महिन्यात धबधबा कुठला, पण साडूनं कोरड्या खडकाचेच पन्नास फोटो काढले. येताना मांजरसुंब्याहून नेकनूरच्या रस्त्याला लागलो आन् वर्षाराणीला रस्त्याकडंची पाटी दिसली. लोकनाट्य कलाकेंद्र.

"अय्या, इथं खरी लावणी असते ना? चला की! राजनंदिनीनं कुठं पाहिलीय?"

मी पाटीवरनं नजर काढून घेतली. कावून, ते आताच सांगून टाकतो. त्या कलाकेंद्रात मी दीड वर्षात पंधरा-वीस वेळा गेलतो. पहिल्यांदा डीलर लोकांनी पार्टीला नेलं, मग एकटाच जाऊ लागलो. घरी सांगायचं, नेकनूरला ऑर्डर घ्याया चाललोय. गाणं ऐकायचो, टाळ्या मारायचो, चार नोटा उधळायचो, अकराच्या आत घरी. ह्याच्या पुढं काही केलं न्हाई, शपथ. पण गाडीत मागं माझी शिवांजली बसलती. अकरा वर्षांची हाय. तिचा अप्पा कधीच खोटं बोलत न्हाई असं तिला वाटतं, शाळेत निबंधात तसं लिहून आलीय ती. दारात एकानं जरी 'या मालक' म्हणलं असतं, तरी त्या निबंधाचं काय झालं असतं?

मी भडकलो. "लेकरं न्हेत्यात व्हय असल्या ठिकाणी? देवदर्शनाहून आलोय आपण! कपाळाची विभूती तरी बघा!"

साडू गाडी चालवत शांतपणे म्हणले, "गोव्याला आम्ही हिला क्लबमध्ये घेऊन गेलो होतो. डीजे, लाइट, रात्री अकरापर्यंत नाचली. काय बिघडलं? आणि ही तर आपली कला आहे. आत्ता साडेसहा वाजलेत, अजून उजेड आहे."

"गोव्याचं गोव्यात ठेवा!"

"दाजी, तुम्ही फारच जुन्या विचारांचे हो," मेहुणी म्हणली.

जुन्या विचारांचा! मी! मनात म्हणलं, बाई, तुला काय म्हाईत मी किती नवीन विचारांचा हाय ते.

माझी बायको नीला एकाएकी कुणाच्या भांडणात पडत न्हाई. ती खिडकीतनं बाहेर बघत होती. एवढंच म्हणली, "आवं, एवढं कावून तापताय? बघू तर. न्हाई आवडलं तर माघारी फिरू."

तेवढ्यात मागनं शिवांजली म्हणली, "अप्पा, तुम्ही गेलतात का तिथं कधी?"

"मी? न्हाई बाळ."

चटकन निघून गेलं तोंडातनं. साडूनं गाडी आत वळवली सुद्धा.

फाटकावर शहादेव बसलेला असतो. त्यानं मला बघितलं, उठला, हात कपाळाकडं निघाला. मी डोळ्यानंच त्याच्या पाया पडलो. त्याची नजर खाली गेली, माझ्या हातात शिवांजलीचा हात होता. कपाळाकडं निघालेला हात त्यानं तसाच डोक्यावर न्हेला आन् खाजवत म्हणला, "गाडी तिकडं लिंबाखाली लावा, पाव्हणं. नवीन दिसताय."

देव त्याचं भलं करो. पुढच्या पन्नास पावलांत मला असला घाम फुटला की साडू म्हणले, तुमची शुगर वाढली काय?

आत अंगणात संगीताबाई बाजेवर बसून मेथी निवडत होत्या. सगळं केंद्र त्याच चालवतात. पन्नाशीच्या पुढं असतील, डोळ्यावर चष्मा, केसाला तेल. मला तर ह्या रूपात त्या पहिल्यांदाच दिसल्या. माझ्याकडं त्यांनी एकदा बघितलं, गावात नवा माणूस आला तर जसं बघतात तसं. मग लेकरांकडं बघितलं आन् हातातली जुडी खाली ठिवली.

"बाईसाहेब, कार्यक्रम आठला हाय. मोठ्यांनी बसा खुशाल. लेकरांना आत न्हेता येत न्हाई."

साडूला हे ऐकायची सवय न्हाई. "अहो, कला आहे ना ही? मुलांनी कलेला काय घाबरायचं? आम्ही गोव्याला..." आन् समदा गोवा परत सांगितला.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणल्या, "साहेब, आमच्या नाचात वंगाळ काही न्हाई. माझ्या पोरी दहा-दहा वरसं शिकल्यात. पण समोर बसलेली माणसं कशी बघत्यात, ते लेकरानं बघू नये. त्यात कुणाचा तरी बाप बसलेला असतो."

बोलताना त्यांनी माझ्याकडं चुकूनसुद्धा बघितलं न्हाई. बघितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं मला. मी खाली मेथीच्या काड्या बघत उभा राहिलो.

"माझी नात हाय एवढीच," शिवांजलीकडं बोट करून त्या म्हणल्या. "कितवीत तू बाळ?"

"सहावीत जाणार."

"ती बी सहावीतच जाणार. हॉस्टेलवर ठिवलीय. आज्जी खानावळ चालवती असं सांगितलंय तिला. सुट्टीत मीच तिकडं जाते, तिला हिकडं आणत न्हाई."

साडूनं खिशातनं गाडीची किल्ली काढली. मेहुणी म्हणली, "सॉरी हं," आन् परत फिरायला लागली, तर बाईंनीच थांबवलं. दारात आलेल्यांना चहा न पाजता कसं धाडायचं? आतनं एका पोरीनं घुंगरू आणले, राजनंदिनीच्या इवल्या पायाला बांधले. लेकरू अंगणभर धावत सुटलं. एकानं पेटी बाहेर आणली, बाईंनी बाजेवर बसूनच एक गवळण म्हणली. शिवांजली तोंड उघडं टाकून ऐकत होती. खरं सांगतो, पंधरा-वीस वेळा नोटा उधळून मला असं गाणं ऐकायला मिळालं न्हवतं.

माझा जीव हळूहळू भांड्यात पडायला लागला. आता चहा घ्यायचा आन् सुटायचं.

चहा घेऊन तिथलं चहापाणी बघणारी छबुबाई आली. ताटलीत कप, मधोमध एक कप वेगळा, त्यावर बशी झाकलेली. तिनं सवयीनं तो झाकलेला कप उचलला, सरळ माझ्या हातात दिला आन् पुढं गेली.

शिवांजली ओरडली, "अप्पा, थांबा! साखरेचा असंल!"

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरनं मला शुगर सांगितली, तवापासून ही पोरगी माझ्या साखरेवर पोलीस हाय. कुठंबी गेलो, की माझ्या कपातला एक घोट आधी ती घेते. मी 'राहू दे, राहू दे' म्हणेस्तोवर तिनं कप ओढला, घोट घेतला, आन् भुवया वर केल्या.

"अप्पा, हा तर बिनसाखरेचा हाय. आपण सांगितलंच न्हाई, मग ह्यांना कसं कळलं?"

छबुबाईचं तोंड बघण्यासारखं झालं. माझी लेक माझ्या तोंडाकडं बघत उभी.

संगीताबाईंनी मेथीची पुढची जुडी सोडली. "आमच्याकडं चाळिशीच्या पुढच्या माणसाला बिनसाखरेचाच देतो बाळ. अर्ध्या जिल्ह्याला शुगर हाय. कुणाकुणाला विचारीत बसायचं?"

"हे लई भारी हाय, आज्जी," शिवांजली म्हणली. "लग्नात बी असंच पायजे." कप तिनं मला परत दिला.

साडूनं आपल्या कपात वाकून बघितलं आन् काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात नीला उठली. "बसवेश्वरराव, चला आता. अंधार पडंल, घाट न्हाई पण रस्ता खराब हाय." साडू उठले. निघताना बाईंनी नीलाला अन् वर्षाराणीला हळदीकुंकू लावलं. मला नुसतं म्हणल्या, "या." पुढं 'परत' न्हाई म्हणल्या.

गाडीत मी गाणं गुणगुणायला लागलो. इतकं हलकं मला परीक्षेत पास झाल्यावर बी वाटलं न्हवतं. साडू म्हणले, "संगमेश्वरराव, तुमचंच बरोबर होतं. मुलांची जागा नाही ती." मी मोठ्या मनानं म्हणलं, "व्हतं असं कधीकधी." गोव्याच्या क्लबचं परत नाव निघालं न्हाई.

घरी आलो. पाव्हणे हातपाय धुवायला गेले, पोरी ओसरीवर पत्ते मांडून बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन नीलाला म्हणलं, "अर्धा कप चहा टाक की." तिनं आधण ठिवलं. गॅसकडं बघतच म्हणली,

"माझा चहा गोड होता."

मी दाराकडं बघितलं, पोरी ओसरीवरच होत्या.

"बसवेश्वररावांचा बी. बेचाळीस वरसांचे हायत ते."

मी पाटावर बसलो. मग कशाला लपवू? सगळं सांगितलं. डीलर, नेकनूरची ऑर्डर, नोटा, पंधरा-वीस वेळा. ती ओरडंल, रडंल, माहेरी जाईन म्हणंल असं वाटलं. तिनं आलं ठेचलं. ठेचून ठेचून पार भुगा केला. मग म्हणली, "नेकनूरची एवढी ऑर्डर असती तर दुकान दुमजली झालं असतं. मला काय कळत न्हाई व्हय? पण पोरीला कळू नये म्हणून उठले मी. ती बाई बी पोरीसाठीच बोलली. तुमच्यासाठी कुणी काही केलेलं न्हाई."

"आता न्हाई जाणार."

"नेकनूरला?"

"कुठंच."

ती हसली न्हाई. पण चहा गाळला, कप माझ्यापुढं ठिवला. दीड वर्षं छातीवर काय घेऊन हिंडत होतो ते उतरल्यावर कळलं. लई बरं वाटत होतं.

ओसरीवरनं शिवांजली ओरडली, "अप्पा, साखर न्हाई ना घातली?"

मी घोट घेऊन बघितला. नीलानं घातली न्हवती.

"न्हाई बाळ," मी म्हणलं. ह्या वेळी ते खरं होतं.